नागपूरची एम्प्रेस मिल आठवणाऱ्यांसाठी मँचेस्टरचं अँकोट्स

नागपूरहून मँचेस्टरला येणारी मंडळी फुटबॉलचं मैदान बघतात, खरेदी करतात आणि निघतात. जुन्या सूतगिरण्यांचा भाग असलेलं अँकोट्स राहूनच जातं. हल्ली तिथे बेकऱ्या, वाईन बार आणि महागडे फ्लॅट आहेत, म्हणून तरुणांची गर्दी असते. पण ज्यांच्या घरात कुणी मिलमध्ये होतं, त्यांनी भिंतींसाठी जावं.

पिकॅडिली स्टेशनवरून चालत साधारण पंधरा मिनिटं लागतात. ग्रेट अँकोट्स स्ट्रीट सिग्नललाच ओलांडा, मग रॉचडेल कालव्यालगतचा रेडहिल स्ट्रीट धरा. शक्यतो सकाळी जा. गिरण्यांची तोंडं आग्नेयेला आहेत, त्यामुळे ऊन तेव्हाच अंगावर येतं (पडलंच तर!). फोटो समोरच्या काठावरून घ्या, जवळून सात-आठ मजले मावत नाहीत.

मरेज मिल्सचं काम 1798 मध्ये सुरू झालं. कालवा नुसता शोभेचा नाही. बॉयलरचा कोळसा नावेने यायचा आणि इंजिनाची वाफ थंड करायला पाणीही इथलंच. खिडक्या ओळीने, दोन्ही बाजूंना, कारण बारीक सूत तुटलं की दिसलं पाहिजे. आता सेजविक मिलकडे या. कापसाची धूळ, तेल आणि लाकडी तक्तपोशी एकत्र आल्या की आग ठरलेलीच, म्हणून 1818 ते 1820 मध्ये बांधलेल्या या इमारतीत ओतीव लोखंडाचे खांब आणि विटांच्या कमानी घातल्या.

इथल्या दमट हवेत धागा सहसा तुटत नाही. आपल्याकडे नागपुरात मे महिन्याच्या कोरड्या हवेत काय होत असेल, ते सांगायला नको. 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेसमध्ये जमशेटजी टाटांनी हवा ओलसर ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले, त्यामागचं कारण इथे उभं राहिलं की पटतं. एम्प्रेस 2002 मध्ये कायमची बंद झाली, त्या जागी मॉल आला. इथे सांगाडा ठेवून आत घरं केली. खरं सांगायचं तर कामगार दोन्हीकडे गेलेच.

फ्लॅटच्या आवारात लोक राहतात, फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. त्याऐवजी भिंतींत बसवलेली पितळी भोकं शोधा. डोळा लावला की आतली बंदिस्त जुनी जागा दिसते, काहींत नुसता अंधार असतो.

रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत आणि पावसात घसरतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट घाला. छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचं जॅकेट बरं. हिवाळ्यात चारच्या सुमाराला अंधार पडतो, मग कालव्याची पायवाट सोडून रस्त्याने या. जेवायचं असेल तर कटिंग रूम स्क्वेअरभोवती ठिकाणं आहेत. सोमवारी बरीच बंद असतात, शनिवारी आधी टेबल राखल्याशिवाय बसायला मिळत नाही, आणि रोख पैसे अनेक जण घेत नाहीत.