वयस्कर माणूस बेपत्ता होते तेव्हा घरात काय राहिले ते आधी पाहा

घरातील वयस्कर माणूस संध्याकाळपर्यंत परतले नाही की आपला पहिला तर्क ठरलेला असतो: विसर पडला असेल, नाशिकच्या रामकुंडावर बसले असतील, नाही तर ठक्कर बाजार बसस्थानकातून गावची एसटी धरली असेल. तो अनेकदा खराही ठरतो आणि म्हणूनच घातक आहे, कारण त्याच्या भरवशावर नुसती मिसिंगची नोंद होते आणि कोणी नेले असेल ही शंका बोलून दाखवायला दुसरा दिवस उजाडतो.

इंदिरानगरमधील आमच्या शेजारच्या काकांच्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, मात्र पोलीस ठाण्यात जाण्याआधी घर नीट पाहिले. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या डबीत रक्तदाबाची रात्रीची गोळी तशीच होती, काठी दाराआड होती; चष्मा मात्र नव्हता आणि कपाटातील सातबाऱ्याची पिशवीही नव्हती. जो माणूस काठीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही, तो जमिनीचे कागद घेऊन गेला, तर त्याला वाहनात बसवणारे कोणीतरी असणार. मी सोबत होतो. वहिनींनी हे सगळे तक्रारीत शब्दशः लिहून घ्यायला लावले, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

सज्ञान व्यक्ती बेपत्ता झाली म्हणून लगेच गुन्हा दाखल होतोच असे नाही. पण तक्रारीतून दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 138 नुसार अपहरणाला बळजबरीच लागते असे नाही, फसवून नेणेही त्यात येते. ‘काका हसत गाडीत बसले’ असे कोणी सांगितले, तरी शंका मिटत नाही.

पुढचा तपास वेळेशी झुंजतो. सीसीटीव्हीत जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी मुंबई, धुळे किंवा पुणे यांपैकी कुठेही वळू शकते. म्हणून घोटी, पिंपळगाव आणि शिंदे येथील टोलनाक्यांच्या नोंदी लवकर मागवाव्या लागतात.

काका निफाड तालुक्यात दूरच्या एका नातलगाच्या मळ्यावर सुखरूप सापडले. कागद तिथेच होते आणि काकांच्या अंगठ्याला शाई होती. तपास सुरू असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही. वहिनींनी दस्त जिथे नोंदवले जातात त्या दुय्यम निबंधक कार्यालयात लेखी हरकत दिली आहे आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, वारंवार पाहतात, कारण एकदा सही-अंगठा झालेला दस्त पुढे चार महिन्यांपर्यंत नोंदणीसाठी आणता येतो.