दोरी कुठे बांधली आहे?

जपानमधलं निसेको हे स्कीसाठी, म्हणजे बर्फावरून घसरत खाली येण्यासाठी, नावाजलेलं ठिकाण. तिथला आन्नुपुरी हा डोंगर 1,308 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा. ऑस्ट्रियातलं सांक्ट आंटोन हे गावच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलंय, आणि कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला तर पायथाच 2,900 मीटरच्या पुढे. तरीही बर्फाच्या बाबतीत निसेको कुणाला हार जात नाही. सायबेरियाचा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना ओल उचलतो आणि निसेको ज्या बेटावर आहे त्या होक्काइदोच्या डोंगरांवर रिकामी करतो. एवढा हलका बर्फ, की मुठीत धरून गोळा करायला गेलं तर होत नाही.

आधी डेन्व्हर, आता म्युनिक, मध्ये एकदा जपान, असं फिरून झाल्यावर मला मात्र या तीन देशांतल्या स्कीमधला खरा फरक दिसतो तो डोंगरावरच्या दोरीत, म्हणजे स्की कुठवर करायची याची हद्द आखणाऱ्या दोरीत.

अमेरिकेत दोरी डोंगराच्या कडेला असते. कोलोरॅडोतले बरेचसे मोठे रिसॉर्ट सरकारी वनजमिनीवर, परवाना घेऊन चालतात. हद्दीच्या आतला सगळा भाग, अगदी झाडांमधला उतारसुद्धा, स्की पट्रोलच्या, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाच्या ताब्यात. पहाटे सुरुंगाचे दणके ऐकू येतात: लोक वर यायच्या आत, कोसळण्याचा धोका असलेला बर्फ मुद्दाम पाडून घेतात. ऑस्ट्रियात उलटं. खांबांनी आखलेली वाट तेवढी सांभाळलेली. खांबापासून दहा पावलं बाजूला गेलात की तुम्ही आणि तुमचं नशीब. अडवायला कुणी येत नाही. निसेकोत तिसरीच तऱ्हा: हद्दीबाहेर जायला ठरावीक दरवाजे, ते त्या दिवशीचा धोका पाहून उघडणार किंवा बंद राहणार. दोरीखालून वाकून गेलात तर पास जप्त. मला विचाराल तर हीच पद्धत सगळ्यात शहाणी.

गंमत म्हणजे या तिन्ही देशांना जोडणारा एक मास्तर आहे. हान्नेस श्नायडर 1907 पासून सांक्ट आंटोनमध्ये स्की शिकवायचा. त्याची शैली तिथल्या आर्लबर्ग या डोंगराळ भागाच्या नावाने जगभर गेली. 1930 मध्ये तो जपानला जाऊन आला. 1938 मध्ये नाझींनी त्याला अटक केली, आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरला पोचला, तिथेही शिकवायला लागला.

मास्तर एकच असला तरी पोरं वेगवेगळ्या वळणाची निघाली. ऑस्ट्रियात डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टची रांग म्हणजे सकाळची विरार लोकल. तुमच्या स्कीवर दुसऱ्याची स्की चढतेच. खुर्चीत टेकता न टेकता कुणीतरी पडू नये म्हणून असलेला दांडा डोक्यावरून खाली ओढतो, डोकं आपलं आपण सांभाळायचं. कोलोरॅडोत रांगा शहाण्यासारख्या एकाआड एक मिसळतात, पण दांडा खाली घेऊ का, असं विचारलं की कित्येकजण नाइलाजाने हो म्हणतात. जपानमध्ये लिफ्टवरचा माणूस प्रत्येक खुर्ची येताना झाडूने बर्फ झटकतो आणि किंचित वाकतो. दिवसभर, प्रत्येक खुर्चीला.

जेवणाचं विचारू नका. आल्प्समध्ये दुपारी बारा वाजता लाकडी हॉटेलात कढईभर काइझरश्मार्न येतं, गोड धिरड्याचे तुकडे, वर पिठीसाखर, सोबत आलुबुखाराची चटणी. तासभर कुणी उठवत नाही. कोलोरॅडोत व्हेलसारख्या ठिकाणी ऐन हंगामात एका दिवसाचं तिकीट 300 डॉलरच्या वर गेलंय, म्हणून सगळे हंगामाचा पास आधीच घेऊन ठेवतात आणि गाडीच्या डिकीत सँडविच. मग संध्याकाळी आय-70 महामार्गावर डेन्व्हरकडे मुंगीच्या गतीने. निसेकोत कात्सू करी खा, दिव्यांच्या उजेडात रात्रीही स्की करा, नंतर गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसा. हो, अंगावर एक सूतही न ठेवता. पहिली पाच मिनिटं अवघड जातात, नंतर गुडघे आभार मानतात.

पहिल्यांदा स्की करायला येणाऱ्यांनी शिकायला ऑस्ट्रियाच गाठावं. गावोगावी शाळा आहेत, आणि ब्रेकनरिजला पहिल्या दिवशी उंचीनेच डोकं ठणकतं. फक्त येण्याआधी विमा नीट वाचा: ऑस्ट्रियात स्की करताना हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली, तर बिल आपल्या नावावर येतं.