बर्डीतलं मुस्तफाचं मशीन: चौघांनी जायचं तर असं जा

नागपूरला बर्डीच्या (सीताबर्डीच्या) गल्लीतल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पार्लरला जायचं असेल तर गाडी घरीच ठेवा. मेन रोडवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि पार्किंग शोधण्यात जो अर्धा तास जातो त्यात ‘मुस्तफा’ या गेमच्या निम्म्या स्टेज होतात. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरा. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाइनी तिथे मिळतात, त्यामुळे खापरीकडून येणारा आणि लोकमान्यनगरकडून येणारा मित्र एकाच दारात भेटतात. पुढे चालत जायचं. मधला वार निवडा आणि शटर वर होताच आत शिरा. दुपारनंतर कॉलेजची पोट्टी येतात, मग किंग ऑफ फायटर्स या मारामारीच्या गेमच्या मशीनवर नंबर लागता लागत नाही.

माणसं चारच न्या. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, एका वेळी तिघं खेळू शकतात. पण पुष्कळ कॅबिनेटवर, म्हणजे मशीनच्या पेटीवर, दोनच हँडल बसवलेली असतात. इथे तीन हँडलवालं आहे, आणि एवढ्या एका कारणासाठीही इथवर यावं. तिघं खेळतात, चौथा मागे उभा राहून कोणाची एनर्जी किती उरली ते मोठ्याने सांगतो, आणि ज्याची लाइफ संपली त्याच्या जागी येतो. सहा जण गेलात तर दोघं कायम भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतात.

टोकन टाकण्याआधी मशीनसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डेमो चालूच असतो, त्यात चित्र नीट बघा. सगळं हिरवट-निळं दिसत असेल तर लाल रंगाची तार कनेक्टरमध्ये सैल आहे. कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग असेल तर पिक्चर ट्यूबला चुंबकत्व लागलंय. पार्लरच्या काकांना डीगॉस करायला, म्हणजे ते चुंबकत्व काढायला सांगा, बऱ्याचदा तेवढ्याने डाग जातो. गेम मधेच आपोआप रीसेट होत असेल तर त्या मशीनवर टोकन घालवू नका. आतल्या सर्किट बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. ४.७५ च्या खाली आलं की बोर्ड डळमळतो, आणि जुना पॉवर सप्लाय तापला की नेमकं हेच होतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना बंद खोलीत ओळीने पिक्चर ट्यूब चालू असतात, त्यामुळे दुपारी असे रीसेट जास्त. उन्हाळ्यात सकाळीच जा असं सांगायचं कारण हेच.

मग हँडल. चारही दिशांना एकेकदा सावकाश दाबा. खाली मायक्रोस्विच असतील तर प्रत्येक दिशेला स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतं आणि तिरकं दाबलं की लागोपाठ दोनदा येतं. तीन दिशांना टक् आणि एका दिशेला नुसतं मऊ दबत असेल तर तो स्विच गेलाय. टक् येतं पण माणूस हलत नाही, तेव्हा स्विच बरा असतो आणि त्याच्यावरची तार निसटलेली असते. काका दोन मिनिटांत बसवून देतात. फक्त सांगताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘दुसऱ्या प्लेअरचं डावीकडे लागत नाही’ असं सांगा, म्हणजे त्यांना पॅनल उघडून चाचपडत बसावं लागत नाही. तुम्ही स्वतः कॅबिनेटच्या मागे हात घालायचा नाही. ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

सुरुवात एकट्याने खेळायच्या मशीनवर करा, हात मोकळे होतात. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स एकदाच खेळायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: पहिली यूएफओ (वरून जाणारी उडती तबकडी) तेविसाव्या गोळीने पाडली आणि नंतरची दर पंधराव्या, तर प्रत्येक वेळी ३०० पॉइंट मिळतात. मोजायचं काम मागच्या मित्राला द्या.

पॅकमॅनला मुळात चार दिशांचं हँडल लागतं. त्यावर आठ दिशांचं बसवलेलं असेल तर वळणावर हँडल तिरकं जातं आणि पॅकमॅन गल्ली चुकून सरळ निघून जातो. मग आपल्याला वाटतं की आपलाच हात बिघडला. वळणाच्या जरा आधीच हँडल पुढच्या दिशेला धरून ठेवा, तो कोपरा कापून वळतो आणि भुतं तेवढी मागे पडतात. लाल भूत थेट तुमच्या मागे येतं, गुलाबी मात्र तुमच्या पुढची चार घरं धरून येतं. म्हणून गुलाबी समोरून आलं तर पळून जाण्यापेक्षा त्याच्याकडेच तोंड केलेलं पुष्कळदा बरं पडतं, ते वळून जातं. दोन्ही बाजूंच्या बोगद्यात भुतांचा वेग कमी होतो, तुमचा होत नाही. जीव वाचवायला ती सगळ्यात चांगली जागा.

१९८१ च्या गॅलागावर थोडा जास्त वेळ घालवा. वरच्या रांगेतला हिरवा बॉस खाली येऊन निळा झोत सोडतो आणि तुमचं विमान ओढून नेतो. ते मुद्दाम ओढू द्यायचं, पण हातात अजून एक तरी विमान शिल्लक असेल तेव्हाच, नाहीतर गेम तिथेच संपतो. त्या बॉसला आधी एक गोळी मारून ठेवा म्हणजे त्याचा रंग बदलतो आणि पुढच्या वेळी एकाच गोळीत जातो. आता तो तुमचं विमान पाठीशी घेऊन झेप घेईपर्यंत थांबा. रांगेत बसलेला असताना मारलात तर विमान तुमच्यावरच उलटतं. झेपेत मारलात तर ते गिरक्या घेत खाली येतं, तुमच्या विमानाला चिकटतं आणि दोन नळ्यांनी गोळ्या सुटू लागतात. या क्षणी मागे उभे असलेले तिघंही ओरडतात. ओरडू द्या, त्यासाठीच तर आलोय. पुढे तिसऱ्या स्टेजला कोणी गोळी मारत नाही, ४० जण फक्त समोरून उडत जातात. चाळीसही टिपले की १०,००० पॉइंट, आणि जोडविमान असेल तर ते खरंच जमतं.

आता मुस्तफा. पात्रं चार: जॅक सगळ्यात मध्यम, हॅना हत्यारं चालवण्यात पटाईत, मेस ताकदीचा पण संथ, मुस्तफा वेगाचा. तिघांत एक मेस असू द्या, कारण बॉसला ताकदीचा मार द्यायला तो हवा. बटणं दोनच, मार आणि उडी. पुढच्या दिशेला हँडल दोनदा झटकलं की धावतो आणि धावताना मार दाबला की मोठा फटका बसतो. मुस्तफाची खरी मजा या धावत्या लाथेत आहे. दोन्ही बटणं एकदम दाबली तर आजूबाजूचे सगळे उडतात, पण तुमची एनर्जीही जाते. नवखे घाबरून तेच दाबत राहतात आणि एनर्जी फुकट घालवतात. घेरले गेलात तरच वापरा.

खाण्याच्या वस्तू कोणी उचलायच्या हे आधी ठरवा. आमचा नियम साधा आहे: ज्याची एनर्जी सगळ्यात कमी, त्याचं खाणं. चौथ्या माणसाने नाव घेतलं की बाकीचे दोघं बाजूला होतात. हत्यार उचलायचं बटणही मारायचंच आहे, त्यामुळे बंदुकीजवळ उभं राहून गुंडाला मारायला गेलात तर माणूस वाकून बंदूक उचलतो आणि पाठीत खातो. तिघांनी पडद्याच्या एकाच टोकाला गर्दी करू नका. एक डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा मधे. तिसऱ्या स्टेजला कॅडिलॅक चालवायला मिळते. तिथे गुंडांना निवांतपणे गाडीखाली घ्या, टोकन जपायला हीच स्टेज. एकूण स्टेज आठ आहेत. पहिल्या खेपेला चौथी-पाचवी गाठलीत तरी उत्तम.

शेवटी किंग ऑफ फायटर्स ९७. जिंकेल तो उभा राहील, हरेल तो टोकन टाकेल, हा नियम सगळ्या पार्लरांत चालतो आणि इथे अनोळखी पोरंही त्याच नियमाने तुमच्यात येतात. ए हलका ठोसा, बी हलकी लाथ, सी जोराचा ठोसा, डी जोराची लाथ. नव्या मल्टिगेम बोर्डावर हीच बटणं सहा बटणांच्या पॅनलवर कुठेही पसरलेली असतात, म्हणून पहिल्या राउंडला आधी एकेक दाबून बघा. सुरुवातीला अ‍ॅडव्हान्स्ड मोड निवडला असेल तर ए आणि बी एकदम दाबलं की लोळण घेऊन वार चुकवता येतो. हे एकच शिकून गेलात तरी तीन माणसांची टीम पहिल्याच पोराकडून साफ होणार नाही.

टोकन अडकलं तर कॅबिनेटला ठोसे मारू नका. रिजेक्टचं बटण दाबा. टोकन आत गेलं पण क्रेडिट पडलं नाही तर काकांना सांगा; कॉइनच्या दाराआड एक सर्व्हिस बटण असतं, त्याने ते क्रेडिट देऊ शकतात. सांबारवडी आणि पाटोडी खेळून झाल्यावर खा, कारण तेलकट हात हँडलवर घसरतात आणि तेल बटणाच्या फटीत उतरून धूळ धरतं. फोटो काढताना पडद्यावर काळे पट्टे येत असतील तर मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/६० ठेवा. आणि स्कोअर चांगला झाला, तीन अक्षरांत नाव टाकलं, तर फोटो तेव्हाच काढून घ्या. पॅकमॅन आणि गॅलागाच्या मूळ बोर्डात स्कोअर जपून ठेवायची सोय नाही. रात्री काकांनी मेन स्विच बंद केला की तो पुसला जातो.