सहकारी थोर होता म्हणून हा कमी कसा?

अमेरिकन फुटबॉलमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्सनी 1974 च्या ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणारी नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) लिन स्वान, जॅक लँबर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर यांना घेतलं. चौघेही पुढे कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला डॉनी शेल संघात आला, तोही गेला. ग्रीन, हॅम, ब्लाउंट, ब्रॅडशॉ आणि हॅरिस धरले तर त्या एका संघाचे दहा खेळाडू झाले. तेव्हापासून एक तक्रार ठरलेली आहे: ‘एका संघातले अजून किती घ्यायचे?’

संघवार कोटा नियमात कुठेच नाही, हॉलमध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या मतदारांच्या डोक्यात मात्र असतो. कारण मतदानाचं गणितच तसं आहे. 2025 पासूनच्या पद्धतीत आधुनिक गटातले (अलीकडे निवृत्त झालेल्यांतले) शेवटचे 7 खेळाडू उरतात, प्रत्येक मतदाराने त्यातले 5 निवडायचे आणि रेघ आहे 80 टक्क्यांची. मतदार 50 धरले तर एकूण मतं 250 आणि हवीत 40. सगळी मतं सातांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकाला 35-36 मिळतात आणि रेघ कुणीच गाठत नाही. अकरा जणांनी नाव गाळलं की खेळाडू रेघेखाली गेलाच. अशा सातांत एकाच संघाचे दोघे असले आणि ‘यंदा एकाला देऊ, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू’ असं वीस-बावीस जणांनी ठरवलं, पण कोणाला आधी यावर त्यांचं एकमत झालं नाही, तर दोघेही लटकतात. 2025 च्या वर्गात सगळे मिळून चौघेच निवडले गेले.

जुन्या पद्धतीतही हे व्हायचंच. स्वानचे 336 झेल आणि 5,462 यार्ड, स्टॉलवर्थचे 537 झेल आणि 8,723 यार्ड. दोघे एकाच क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकणाऱ्याचे) रिसीव्हर, म्हणजे त्याचे पास झेलणारे, त्यामुळे त्यांची तुलना इतर संघांच्या रिसीव्हरांशी होण्याऐवजी आपसातच होत राहिली. स्वान 2001 मध्ये गेला, स्टॉलवर्थ 2002 मध्ये. आकडे बघता क्रम उलटा हवा होता. पण दहाव्या सुपर बोलमधले (लीगच्या अंतिम सामन्यातले) स्वानचे 4 झेल, 161 यार्ड आणि सामनावीराचा मान लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मग सहकाऱ्याचं पाठबळ वजा करून खेळाडू तपासायचा कसा? रिसीव्हरसाठी सगळ्यात उपयोगी कसोटी म्हणजे क्वार्टरबॅक बदलल्यावर काय झालं ते पाहणं. रॅम्सच्या टॉरी होल्टला ‘कर्ट वॉर्नरमुळे मोठा झालेला’ म्हणणाऱ्यांनी 2003 चा हंगाम काढून बघावा. वॉर्नर पहिल्याच सामन्यानंतर बाजूला गेला, उरलेला हंगाम मार्क बल्जरने खेळवला आणि होल्टने 117 झेल, 1,696 यार्ड काढले. कारकिर्दीत 13,382 यार्ड. त्या संघातले वॉर्नर, फॉक, पेस आणि आयझॅक ब्रूस आत गेले, 2025 च्या वर्गातही होल्ट बाहेरच राहिला. कोल्ट्सच्या रेगी वेनचं तेच. पेटन मॅनिंग गेल्यावर 2012 मध्ये नवख्या अँड्र्यू लकबरोबर त्याने 106 झेल आणि 1,355 यार्ड केले. त्याआधीच्या वर्षी, क्वार्टरबॅकची जागा हातोहात बदलत असतानाही 960 यार्ड होतेच. सहकारी मार्व्हिन हॅरिसनचे 128 टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन केलेले गुण) वेनच्या 82 पुढे मोठे दिसतात हे खरं, पण हॅरिसनपेक्षा कमी असणं म्हणजे हॉलपेक्षा कमी असणं नव्हे. उलट स्टर्लिंग शार्पला ही कसोटी कामी यायला हवी होती: 1989 मध्ये मायकोव्स्कीबरोबर 90 झेल, 1992 मध्ये फार्वबरोबर 108, दोन्ही वर्षी लीगमध्ये पहिला. मान दुखावल्याने सात हंगामांत कारकीर्द आटोपली आणि त्याला 2025 पर्यंत थांबावं लागलं.

लाइनमनला (समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला) ही कसोटी लावता येत नाही, कारण त्याच्या नावावर आकडेच नसतात. तिथे सामन्याची टेपच बघावी लागते, आणि टेपही फसवते. 31 डिसेंबर 1967, ग्रीन बे, लीगच्या विजेतेपदाचा सामना, उणे 25 सेल्सिअसच्या आसपास थंडी. 16 सेकंद उरलेले, टाइमआउट संपलेले, गोलरेषा हाकेवर. पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने चेंडू स्वतःच पुढे घुसवला आणि पॅकर्स 21-17 ने जिंकले. डॅलसच्या जेथ्रो प्यूला हटवणारा ब्लॉक टीव्हीच्या रीप्लेत पुन्हा पुन्हा दिसला आणि नाव झालं उजवा गार्ड जेरी क्रेमर याचं. नीट पाहिलं तर तो ब्लॉक दोघांचा आहे: क्रेमर खालून घुसतो, सेंटर केन बोमन त्याच्याबरोबर प्यूला मागे रेटतो. एकट्या क्रेमरने प्यू त्या वेगाने हलला असता का, शंकाच आहे. बोमन हॉलमध्ये नाही.

आणि क्रेमर? त्याचीही गंमत अशी की लीगच्या पन्नाशीनिमित्त निवडलेल्या सर्वोत्तम संघात गार्ड म्हणून निवड होऊनही तो 2018 मध्ये, ज्येष्ठांच्या गटातून, आत गेला. प्रशिक्षक लोंबार्डीच्या पॅकर्सचे इतके जण आधी गेले होते की ‘त्यांचं पुरे झालं’ ही भावना त्याला दशकानुदशकं नडली, असं माझं मत आहे.

शेवटच्या सामन्याला 25 वर्षं उलटलेल्यांचा हा ज्येष्ठ गट आणखी चिंचोळा आहे. अंतिम पाचांत तीन जुने खेळाडू, एक प्रशिक्षक आणि एक इतर योगदान देणारा असतो, आणि प्रत्येक मतदाराला मतं तीनच. एकूण 150. तिघांना प्रत्येकी 40 हवी असतील तर 120 तिथेच जातात आणि उरलेल्या दोघांना मिळून 30 पुरवावी लागतात. असं सहसा होत नाही. 2025 मध्ये या पाचांतून एकटा शार्प निघाला.

स्टीलर्सच्या त्याच बचावफळीतला एल. सी. ग्रीनवुड 2025 पर्यंत सहा वेळा अंतिम फेरीपर्यंत येऊन बाहेर राहिला. तेरा हंगाम खेळला, शेवटचा 1981 चा. लीगने सॅकची (क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडण्याची) अधिकृत मोजणी सुरू केली 1982 मध्ये. शेजारी जो ग्रीन होता, हातात अधिकृत आकडा नव्हता, आणि आता जागा मागायची ती या 150 मतांतूनच.