पट्टीखालची गळती

ट्रकच्या मालकाची तक्रार वायरिंगची होती. इंजिनवरून कॅबिनकडे जाणारी हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, करपली, नवी टाकली, तीही त्याच जागी करपली. ड्रायव्हरची तक्रार वेगळीच. भरल्या गाडीला चढावर ओढ नाही, धूर काळा येतो आणि पायाखालचा पत्रा इतका तापतो की चप्पल काढायची सोय नाही. मालकाच्या लेखी ड्रायव्हर कुरकुऱ्या, त्यामुळे त्याचं गाऱ्हाणं आधीच्या गॅरेजात कुणी मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. मी मात्र आधी ड्रायव्हरलाच विचारतो. गाडी दिवसभर त्याच्या बुडाखाली असते.

"डोकं दुखतं का तुमचं?"

"रात्री काचा बंद असल्या की दुखतं, मिस्त्री. झोप पुरत नाही, म्हणून असेल."

"काच उघडी ठेवली की?"

त्याने जरा विचार केला. "मग तेवढं नाही दुखत."

म्हणजे सायलेन्सरच्या टोकाने जायचा वायू वाटेतच सुटून कॅबिनमध्ये शिरत होता. यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो, त्यामुळे थकवा आणि विषबाधा यांतला फरक ड्रायव्हरला कळायची सोय नाही. आता गाडी आत घ्यायची तीही काच खाली करून, असं त्याला सांगितलं.

कॅबिन टिल्ट केली तर मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू एकत्र करणारं बिडाचं नळकांडं, दिसेचना. मॅनिफोल्ड आणि त्या वायूवर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची मान, दोन्हींना फायबरग्लासची पट्टी गुंडाळून वर स्टीलच्या तारा आवळलेल्या. काम सफाईदार होतं, त्यात वाद नाही. पण त्यामागचा विचार एवढाच: वायर जळते म्हणजे उष्णता जास्त, उष्णता जास्त म्हणजे झाकून टाका. बिडाच्या मॅनिफोल्डवर पट्टी मला मुळीच पटत नाही. उष्णता कोंडली जाते, बीड नेहमीपेक्षा जास्त तापतं आणि तडे जायला निमित्त मिळतं. त्यात गळती असलीच तर काजळीचा माग पट्टीखाली दडतो, आणि गळती हुडकताना पहिला पुरावा तोच असतो.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी स्टार्टर मारला तशी इंजिनच्या अंगातून टिकटिक ऐकू आली. हेल्पर म्हणाला, टॅपेट वाजतोय, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग ढिला झालाय. म्हटलं, थांब जरा. इंजिन तापत गेलं तशी टिकटिक बारीक झाली आणि मग ऐकूच येईना. टॅपेट ढिला असता तर तो एवढ्या लवकर गप्प बसला नसता. मॅनिफोल्ड तापून फुगतो, फट थोडी बुजते, म्हणून आवाज दबतो. गळती जात नाही. चढावर भार आला की फुंकर पुन्हा सुरू.

इंजिन थंड झाल्यावर हातमोजे आणि मास्क चढवून पट्टी सोडली, कारण जुन्या पट्टीची कुसळं कातडीत घुसली की दिवसभर खाज सुटते. पहिल्या आणि सहाव्या पोर्टशी, म्हणजे सिलिंडरातून वायू बाहेर येतो त्या तोंडांशी, काजळीचे काळेकुट्ट पंखे उमटलेले. सहाव्याच्या पंख्याचं तोंड बरोबर जळक्या हार्नेसकडे. तरी सगळे सांधे तपासून घ्यावेत म्हणून सायलेन्सरच्या टोकातून व्हॅक्युम क्लीनरची हवा उलटी सोडली आणि साबणाचं पाणी फवारलं. कॉम्प्रेसरची हवा इथे नको. दाब फार होतो, आणि या परीक्षेला नुसती फुंकर पुरते. दोन्ही टोकांच्या पोर्टना फेस आला, आणि ज्याच्यावर माझा संशय नव्हता त्या टर्बोच्या फ्लँजच्या, म्हणजे जोडणीच्या कडेच्या, खालच्या कोपऱ्यातही बारीक बुडबुडे धरले.

ओढ का गेली ते इथेच कळतं. भरल्या गाडीने चढ चढताना टर्बोच्या तोंडाशी वायू ६००–७०० अंश सेल्सियसपर्यंत जातो. त्याचा दाब आणि उष्णता यांवरच टर्बाइन फिरतं. टर्बोच्या आधीच वायू सुटला की बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, पडतो आणि सिलिंडरला हवा कमी मिळते. या इंजिनाचा पंप जुन्या धाटणीचा, यांत्रिक. तो डिझेल मात्र जवळपास तेवढंच सोडत राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर काळा आणि वायू आणखी तापलेला. त्या तापलेल्या वायूचा झोत वायरवर आणि कॅबिनच्या पत्र्यावर.

मॅनिफोल्ड उतरवताना पहिल्या पोर्टचा एक स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, इंजिनच्या हेडच्या आतच तुटलेला निघाला. नुसतं ड्रिल घेऊन मागे लागलं तर हेडच्या आट्यांची वाट लागते. तुटक्या तोंडावर वॉशर ठेवला, त्यावर नट, आणि नटाच्या पोटातून वेल्ड भरला. नटाची लाली उतरून तो काळपट होईपर्यंत हात लावला नाही. मग मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांच्या फटीत ओढलं गेलं, थोडा धूर निघाला. पाना लावून आधी केसभर आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या. पुन्हा आवळायच्या, पुन्हा सोडायच्या. कुईंकुईं करत तो हलला आणि आटे शाबूत ठेवून बाहेर आला. या कामात ताकद लागत नाही, सबुरी लागते, आणि हेल्परला नेमकी तीच शिकवता येत नाही.

बाकीचे बोल्ट हातात घेतले तेव्हा आधीच्या गॅरेजने काय केलं होतं ते दिसलं. सगळे आखूड, साधे, हार्डवेअरचे. कंपनीचे स्टड लांब असतात आणि नटाखाली नळकांड्यासारखे स्पेसर येतात. ते स्पेसर गायब. ते शोभेला नसतात. हा मॅनिफोल्ड साधारण ७० सेंटीमीटर लांब, एकसंध. तो ५०० अंशांनी तापला की जवळजवळ ४ मिलिमीटर लांबतो. हेडमध्ये पाणी खेळतं, त्यामुळे हेड मिलिमीटरभरही वाढत नाही. हा फरक दोन्ही टोकांना जातो. म्हणून टोकांची भोकं जरा ऐसपैस असतात आणि लांब स्टडला किंचित ताणायला, वाकायला वाव असतो. आखूड बोल्टने करकचून धरलं की काहीतरी तुटतं नाहीतर मॅनिफोल्ड वाकतो. इथे दोन्ही झालं होतं. स्ट्रेट एज, म्हणजे सरळ पट्टी, लावली तर टोकाला फट मोजायच्या फीलर गेजचं ०.६ मिलिमीटरचं पान आरामात शिरलं. नवं गॅसकेट एवढी फट भरून काढत नाही, मग ते कितीही महागाचं असो. मॅनिफोल्डला तडा नाही ना ते पाहून तो हेडला टेकायची बाजू मशिनवर सपाट करायला पाठवला.

फ्लँजचा तो कोपरा मात्र डोक्यातून जात नव्हता. मॅनिफोल्ड उतरवण्याआधी टर्बोच्या मागच्या पाइपचा क्लॅम्प सोडला होता, तेव्हा पाइप दोन बोटं खाली उडी मारून गेला होता. त्या घाईत नुसतं पाहिलं होतं, आता त्याच्या मागे गेलो. टर्बो आणि सायलेन्सरच्या मधे जाळीचा लवचिक बेलोज असायला हवा. तिथे कुणीतरी सरळ पाइपचा तुकडा वेल्ड केला होता. बेलोज फाटला असणार, नवा मिळाला नसणार, गाडी रस्त्यावर हवी असणार. पण इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं आणि सायलेन्सर चासीला घट्ट. बेलोज गेला की प्रत्येक हिसका पाइपमार्गे टर्बोवर आणि टर्बोतून मॅनिफोल्डच्या बोल्टांवर. हार्नेस, पट्टी, गॅसकेट बदलत बसले होते. खोट त्या वीतभर तुकड्यात होती.

जोडणी सरळ होती. नवा बेलोज, योग्य लांबीचे स्टड, स्पेसर, आटे जाम होऊ न देणारी निकेलची अँटीसीज पेस्ट, गॅसकेट कोरडं. नट मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. पाइप क्लॅम्पमध्ये हाताने, जोर न लावता बसतो का ते पाहिलं. न बसता तर पुन्हा वेल्ड कापला असता.

पट्टीवरून मालकाशी थोडी वाजली. "परत गुंडाळणार ना? पैसे मोजलेत तिचे." मॅनिफोल्डला नाही, म्हटलं. तिथे मूळचा पत्र्याचा शील्ड परत लावला, मधे हवेला जागा ठेवून. त्या फटीतली हवा उष्णता पत्र्यापर्यंत फार जाऊ देत नाही आणि बीडही गुदमरत नाही. पट्टी टर्बोच्या मागच्या स्टीलच्या पाइपला चालते, तिथे थोडी वापरली. हार्नेस नव्या क्लिपांवर लांब नेली, वर चकचकीत स्लीव्ह.

कॅबिन खाली करताना हेल्परने एअर फिल्टरच्या वाटेवरचा रबरी बूट फाटलेला दाखवला. शाबास म्हटलं त्याला. इंजिन बाहेरची गार हवा सोडून स्वतःचीच तापलेली हवा ओढत होतं. ३० ऐवजी ६० अंशांची हवा म्हणजे तेवढ्याच घासात ९ टक्के कमी हवा, टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच. तोही बदलला.

भरल्या गाडीने चढ मारून आलो. बूस्टचा काटा जागेवर, धूर नुसता गिअर बदलताना. गाडी थंड झाल्यावर नट पुन्हा तपासले तेव्हा टोकाचे दोन जरा सरकले, बाकीचे हलले नाहीत. त्या हार्नेसचं इन्सुलेशन जळक्या जागेच्या अलीकडे-पलीकडेही कडक झालंय, वाकवलं की तडकतं. पूर्ण हार्नेस बदला म्हटलं, तर मालक म्हणाला, पुढच्या फेरीला बघू. ते मी बिलावर लिहून त्यांची सही घेतली.