फूल नको, दगड घ्या

अनित्यतेचं चिंतन म्हटलं की बहुतेकजण फुलाकडे वळतात. पळस फुलला, पळस गळला, मन हळवं झालं आणि गाडी तिथेच थांबली. त्यापेक्षा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा, खाणीच्या बाजूला मुठीत मावेल असा दगड उचला. बारीक छिद्रं असलेला मिळाला तर फारच उत्तम.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही छिद्रं. काहींत पांढरी खनिजं दिसतात. ती मागाहून झिरपलेल्या पाण्यानं आणून भरली. भाजे-कार्ल्याची लेणी भिक्षूंसाठी कोरली गेली ती याच जातीच्या काळ्या पाषाणात.

वीस मिनिटं पुरे. पहिली पाच नुसता श्वास पाहा. मग दगडाच्या तांबूस सालीवर नख फिरवा, भुकटी सुटेल. आतलं लोह हवापाण्यानं गंजतं म्हणून हा रंग येतो. असाच पाषाणाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. आता बघा, दगड कुठे संपला आणि मुरूम कुठे सुरू झाला? रेघ सापडत नाही. तरी शोधत राहा. लाव्हा, वायू, पाणी, ऊन एकेक वजा करा. स्वतःच्या बळावर उभा असलेला 'दगड' हाती लागतो का?

घसरायला होतं ते इथेच. छिद्रातली पोकळी म्हणजेच बौद्ध विचारातली शून्यता (स्वतःच्या बळावर काहीच उभं नसणं), असं वाटू लागतं. पण भरीव भागही तितकाच शून्य आहे, कारण तोही कारणांवरच उभा आहे. आणि 'म्हणजे काहीच नाही' असं म्हणाल, तर तोच दगड पायावर पडला की कळ येतेच. शून्यतेचंच मत करून बसणाऱ्यांना बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं असाध्य, म्हणजे बरे न होणारे, म्हटलं, ते मला अगदी पटतं.

मन भूगर्भशास्त्रात रमलं तर बोटांच्या स्पर्शावर परत या. उदास वाटलं तर उठून थोडं चाला.

शेवटची पाच मिनिटं दगड खाली ठेवून रिकाम्या तळव्याकडे लक्ष द्या. गारवा, वजनाचा दाब, टोचल्याची जाणीव, प्रत्येक गोष्ट वेगळ्या गतीनं विरते. हा भाग गाळणारे फार, आणि मग अनित्यता दगडापुरतीच राहते, बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, नंतर दगड हातात धरवत नाही. घरी आणू नका. दर वेळी नवा उचला. एकच वापरला की चार दिवसांत तो 'माझा दगड' होतो आणि बघणं बंद पडतं.