केम्निट्झमधला पहिला ऑक्टोबर

जर्मनीला शिकायला जायचं म्हटलं की सगळे एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट आणि व्हिसाबद्दल भरभरून सांगतात. त्यामुळे ते मी थोडक्यात उरकते. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. मी व्हिसाचा अर्ज केला तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे 11,208 युरो भरावे लागत. सप्टेंबर 2024 पासून ते 11,904 झाले. म्हणजे दहा लाखांच्या वर. यंत्रमागावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एका वेळी उभी करायला काय काय करावं लागतं, ते इचलकरंजीकरांना तरी वेगळं सांगायला नको.

मला सांगायचंय ते विमानातून उतरल्यानंतरच्या महिन्याबद्दल. पैसे जर्मनीत आपल्या नावावर पडून असतात आणि आपल्याला त्यातला एक युरो काढता येत नाही. दरमहा 934 युरो सुटायला लागायचे तर जर्मन बँकेत खातं हवं. खात्याला पत्ता हवा. पत्ता सरकारदरबारी लागायचा तर घरमालकाची सही असलेला एक कागद हवा. हा शेवटचा कागद इतका साधा असतो की भारतात असताना कुणी त्याचं नावही काढत नाही.

केम्निट्झ पूर्व जर्मनीत, सॅक्सनी राज्यात आहे. लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. मला तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. शिकवणी फी नाही, फक्त सत्र शुल्क. हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टवर नाव कुठेतरी खाली होतं, म्हणून जूनपासूनच मी डब्ल्यूजी शोधत होते. डब्ल्यूजी म्हणजे दोघातिघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकत्र. या शोधात फसवणूकही भरपूर चालते. 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' असा मेल आला की समजायचं आणि पुढे जायचं. फ्लॅट इतका सुंदर आणि भाडं इतकं कमी असतं की मोह होतोच.

खऱ्या डब्ल्यूजीत राहणारेच आपली मुलाखत घेतात, व्हिडिओ कॉलवर. माझी मुलाखत झाली तेव्हा मी घरी होते आणि खाली माग चालू होते. समोरची मुलगी, तिथे मानसशास्त्र शिकणारी, दोन मिनिटांनी थांबली आणि विचारलं, हा आवाज कसला? मी फोन घेऊन जिना उतरले आणि माग दाखवले. ती म्हणाली, माझी आजी इथल्या सूतगिरणीत होती. मग पुढची दहा मिनिटं आम्ही भाड्याबद्दल काहीच बोललो नाही.

केम्निट्झला एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे आणि आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. केम्निट्झमध्ये नुसतं कापड विणलं जात नव्हतं, माग आणि सूतकताईची यंत्रंही बनायची. 1990 नंतर गिरण्या धडाधड बंद पडल्या. युनिव्हर्सिटीची मुख्य लायब्ररी आज एका जुन्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे, 2020 साली ती तिथे हलवली. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे गिरणी बंद पडली तरी इमारत कामाला येते म्हण की."

खोली मिळाली. भाडं 270 युरो, हीटिंग आणि पाणी धरून. पण हो म्हणण्याआधी मी एकच प्रश्न विचारला, तोही नागपूरच्या एका सीनियर ताईने पढवून ठेवलेला: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग मिळेल का? घर देणाऱ्याने सही करून द्यायचा तो हाच कागद. ही व्यक्ती अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहायला आली, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. 2015 पासून तो पुन्हा सक्तीचा झाला. काही पोटभाडेकरू खोली देतात पण हा कागद द्यायला टाळाटाळ करतात, कारण मूळ मालकाला त्यांनी काही कळवलेलंच नसतं. ताईचं म्हणणं स्पष्ट होतं, "कागद नाही तर खोली नाही. शंभर युरो जास्त गेले तरी चालतील, पण अशा घरात जाऊ नकोस." तिच्या ओळखीतली एक मुलगी अशाच खोलीत अडकली होती. राहायला छप्पर होतं, पण कागदोपत्री ती जर्मनीत कुठेच राहत नव्हती.

मी 2 ऑक्टोबर 2024 ला पोचले. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून लाइपझिग आणि लाइपझिगहून तासाभराची लोकल गाडी. ताईचा मेसेज आधीच आला होता: "रात्रीच सामान भरून ठेव. उद्या 3 तारीख, जर्मन एकीकरणाची सुट्टी, सगळं बंद." रविवारी दुकानं बंद असतात हे मला माहीत होतं, पण तिथे सार्वजनिक सुट्टीलाही दूध मिळत नाही हे डोक्यात नव्हतं. बॅगा खोलीत टाकल्या आणि काउफलांड नावाच्या सुपरमार्केटमध्ये जाऊन तांदूळ, कांदे, दही, अंडी आणि एक उशी आणली. खोलीत गादी होती, उशी नव्हती. नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या घ्यायची गरज नाही. घेतल्याच तर प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकून परत घ्यायची.

त्या संध्याकाळी माझ्या घरमैत्रिणीने पहिलं काम केलं ते म्हणजे टपालपेटीवर आणि बेलवर माझं आडनाव चिकटवलं. हे मला तेव्हा किरकोळ वाटलं. पण जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, शहर, बस्स. पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो आणि नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं. या देशात कार्ड, पिन, विमा, टॅक्स नंबर, सगळं पत्रानेच येतं. त्यामुळे पेटीवर नाव नसेल तर बाकी कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते. तिथली अपॉइंटमेंट मी इचलकरंजीतूनच ऑनलाइन घेऊन ठेवली होती. ऑक्टोबरमध्ये नवीन विद्यार्थ्यांची झुंबड असते आणि तारखा भराभर संपतात, म्हणून व्हिसा हातात आला की हे आधी करावं. जाताना पासपोर्ट, घर देणाऱ्याचा कागद आणि भरलेला फॉर्म न्यायचा. समोरच्या बाई इंग्रजी फारसं बोलत नव्हत्या आणि माझं जर्मन ए-टूच्या, म्हणजे जेमतेम प्राथमिक पातळीच्या, पुढे गेलेलं नव्हतं, तरी काम अडलं नाही. कागद पुरे असले की जर्मन कार्यालयात बोलावं लागतच नाही. मला हे आवडलं. आपल्याकडे कागद पुरे असले तरी बोलावं लागतं.

दोन गोष्टी मात्र तिथे लक्षात घ्याव्यात. एक, नाव. माझ्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव आहे आणि दुसऱ्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव. जर्मनांच्या लेखी बाबांचं नावही माझंच दुसरं नाव. त्यामुळे बँक, विमा, युनिव्हर्सिटी, सगळीकडे ते तसंच्या तसं लिहायचं, कुठे गाळायचं नाही. आता मला येणारं प्रत्येक सरकारी पत्र बाबांच्या नावानेही येतं, याचं त्यांना मोठं कौतुक.

दुसरी, धर्माचा रकाना. आधी मला ते खटकलं. कारण सरळ आहे: चर्चच्या सभासदांकडून सरकार चर्च कर गोळा करतं, सॅक्सनीत तो प्राप्तिकराच्या 9 टक्के आहे. आपण त्यात बसत नाही. पण गंमत म्हणून किंवा न समजून तिथे काही भलतंच लिहिलं, तर पुढे नोकरी लागल्यावर पगारातून पैसे कापले जायला लागतील.

नोंदणीचा शिक्का असलेला कागद हातात घेऊन मी बाहेर पडले आणि सरळ कार्ल मार्क्सच्या डोक्याकडे गेले. शहराच्या मध्यभागी मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं आहे, 1971 साली बसवलेलं. नुसतं डोकं, धड नाही. 1953 ते 1990 या शहराचं नावच कार्ल मार्क्स स्टाट होतं. तिथला फोटो आईला पाठवला, खाली लिहिलं, 'आता मी इथली.' तिचं उत्तर, "टोपी घाल."

बँकेचं प्रकरण मात्र लांबलं. खातं ऑनलाइन उघडता येतं, पण ओळख पटवायला व्हिडिओ कॉल असतो आणि माझ्या बँकेला त्यात भारतीय पासपोर्ट चालला नाही. मग पोस्टाचा मार्ग: बँकेने पाठवलेलं कुपन आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, तिथला कर्मचारी ओळख पटवून बँकेला कळवतो. त्यानंतर कार्ड एका पत्रात आणि पिन दुसऱ्या पत्रात, तीही वेगवेगळ्या दिवशी. तोवर मी घरून आणलेल्या फॉरेक्स कार्डावर होते. डिपॉझिट म्हणून दोन महिन्यांचं मूळ भाडं द्यावं लागलं, शिवाय पहिलं भाडं. नव्याने येणाऱ्यांनी ब्लॉक्ड अकाउंटशिवाय निदान हजार ते बाराशे युरो वेगळे ठेवावेत, असं माझं मत आहे. एजंट पाचशे पुरतात म्हणतात. ते इथे राहायला येत नाहीत.

आरोग्य विमा त्या मानाने सोपा गेला. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, 2024 साली तो महिन्याला सव्वाशे युरोंच्या आसपास होता. तो घेतल्याचं विमा कंपनीच युनिव्हर्सिटीला परस्पर कळवते आणि तसं कळवल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. तिशी उलटलेल्यांना हा दर मिळत नाही, त्यांनी आधीच चौकशी करावी.

नोंदणी झाली की तुम्ही न बोलावताही पत्रं यायला लागतात. एक अकरा आकडी टॅक्स नंबरचं. ते जपून ठेवायचं, कारण पार्टटाइम काम मिळालं की पहिल्यांदा तेच मागतात. (मार्च 2024 पासून आपल्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं.) दुसरं पत्र सगळ्यांना घाबरवतं: रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिना 18.36 युरो. माझ्याकडे टीव्ही नाही हे उत्तर तिथे चालत नाही. पण शुल्क माणशी नसून घरटी आहे. घरमैत्रीण आधीच भरत होती, तिचा नंबर मी कळवला आणि विषय मिटला. आपल्या वाटणीचे पैसे मी तिला देते.

महिना संपता संपता दिवाळी आली. 27 तारखेला हिवाळ्याच्या वेळेसाठी तिथली घड्याळं एक तास मागे गेली आणि घराशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार झालं. नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला होती आणि नेमकी त्याच दिवशी सॅक्सनीत रिफॉर्मेशन डेची सुट्टी. अडचण अभ्यंगस्नानाची. इमारतीच्या नियमात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि आमच्या शॉवरचा पाइप खालच्या आजोबांच्या झोपायच्या खोलीवरून जातो. पण ऑक्टोबरअखेर तिथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे सहा वाजून पाच मिनिटांनी नळ सोडला तर शास्त्रही पाळलं जातं आणि नियमही. आईला हे पटलं. उटणं तिने बॅगेत घातलंच होतं. घरमैत्रिणीने वास घेऊन विचारलं, हे खायचं का?

त्याच आठवड्यात पहिले 934 युरो खात्यात आले. त्यातले 270 भाड्याला आणि सव्वाशे विम्याला लगेच गेले. उरलेल्यातून ताईचे उसने घेतलेले पैसे परत केले आणि जाड कानटोपी घेतली. पुढचं काम रेसिडेन्स परमिटचं. व्हिसा संपायच्या आत अर्ज आत गेला पाहिजे, आणि त्याला जी कागदपत्रं लागतात त्यांच्या यादीत सगळ्यात वर पुन्हा नोंदणीचाच कागद आहे. त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात.